कुड्याच्या दोन कळ्या

“पहिली कळी तोडली की तोंड बंद,” लक्ष्मण गुरव म्हणाला. “दोन्ही कळ्या आईच्या अंगाला लागंस्तवर एक शबुद काढायचा न्हाई. शिंक आली तर चालंल.”

मी मान हलवली. गप्प बसणं मला जड जाणार नव्हतं. एकसष्ट वर्षं मी बहुतेक तेच करत आलो होतो. त्यातली तेहतीस तर तालुक्याच्या वाचनालयात, जिथं गप्प बसण्याचा पगार मिळतो.

मे महिन्यातली सकाळ होती. साडेसहा वाजले असतील. आमचं पांगारघोळ घाटमाथ्याला अगदी चिकटून आहे. गावाच्या वर देवराई, देवराईत वाघजाईचं देऊळ. आम्ही देवराईच्या कडेला, कुड्याच्या झुडपापाशी उभे होतो. खाली शाळेच्या पटांगणात कोंढाळकरांचं कुलसंमेलन जागं होत होतं. पुण्यामुंबईहून पावणेदोनशे माणसं आली होती. चुलीवरच्या पोह्यांचा वास आणि “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” हे दोन्ही वरपर्यंत येत होतं.

संमेलन माझ्या आजोबांच्या नावानं होतं. बयाजी कोंढाळकर. त्यांच्या काळात आसपासच्या डोंगरांवर कोळशाच्या भट्ट्या लागल्या. एकेक रान गेलं, मागोमाग ओढे गेले. पांगारघोळची देवराई तेवढी राहिली. लाकडाचा ठेकेदार गावात आला, दोन-चार घरांची मनं वळली, की आजोबा म्हणायचे, “आपण कोण सांगणार? आईला विचारू.” मग कौल लावायचे. सात वेळा ठेकेदार आले, सातही वेळा वाघजाई ‘नाही’ म्हणाली, आणि सातही वेळा ठेकेदार नमस्कार करून डोंगर उतरले. आमच्याकडची लहान पोरंसुद्धा ही गोष्ट सांगतात.

कौल म्हणजे कुड्याच्या दोन कळ्या. देवीची शेंदूर माखलेली शिळा आहे. तिच्या दोन्ही खांद्यांना एकेक कळी देठाकडून चिकटवायची, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर ‘हो’, डाव्या खांद्यावरची पडली तर ‘नाही’. कळ्या लावायचा मान कुळाच्या थोरल्या पातीतल्या थोरल्या पुरुषाचा. त्या वर्षी तो मी होतो.

आणि प्रश्न आठव्यांदा विचारायचा होता. ह्या वेळी ठेकेदार बाहेरचा नव्हता. माझा चुलतभाऊ उत्तम, पुण्यात बांधकामं करणारा, मनानं मोकळा माणूस. त्याला देवळापुढं आजोबांच्या नावानं सभामंडप बांधायचा होता. काँक्रीटचा, दोनशे माणसं बसतील असा. त्यासाठी देवळासमोरची अकरा झाडं काढावी लागणार होती. कागदपत्रं झाली होती. जेसीबी आदल्या दिवशीच खिंडीत येऊन उभा होता. गावकऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की आईचा कौल पाहिजे.

मला ती झाडं जायला नको होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत संमेलनाच्या अकरा बैठका झाल्या. सगळ्यांना मी हजर होतो, सगळ्यांची इतिवृत्तं मीच लिहिली, आणि ‘सभामंडपाचा ठराव सर्वानुमते मंजूर’ हे वाक्यही मीच चांगल्या अक्षरात लिहिलं. मनाशी एवढंच धरून होतो की सात वेळा नाही म्हणाली ती आठव्यांदाही म्हणेल. मला बोलावं लागणार नाही.

मी वाकून पहिली कळी तोडली. देठातून पांढरा चीक आला आणि बोटाला लागला.

“आता तुम्हाला बोलता यायचं न्हाई,” लक्ष्मण म्हणाला, “म्हणूनच आता सांगतो.”

तो ऐंशीच्या घरातला होता. आजोबांच्या वेळी गाऱ्हाणं घालायला बहुतेक तोच असायचा. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

“बयाजीबाबा डाव्या खांद्याची कळी अशीच सकाळच्याला तोडायचे. तोडली की देठाचा चीक मातीत पुसायचे आन् मुठीत ठेवून वाळू द्यायचे. उजवी तोडायची पार देवळाच्या पायरीशी, आत जाता जाता. तिचा चीक ओला असतोय. ती दगडाला धरून बसती. डावी सुटती.”

विचारायचं खूप होतं. विचारता येत नव्हतं.

“पाच वेळा मी डोळ्यांनी बघितलं. आधीच्या दोन वेळा माझ्या बापानं. लबाडी म्हणाल तर लबाडी. पर मी गुरव माणूस, मला कोण विचारतंय? मी गाऱ्हाणं घालायचं, कळ्या तुम्ही लावायच्या.” त्यानं खांद्यावरचं उपरणं झटकलं. “त्या अकरा झाडांच्या बुडात झरा हाय, एवढं सांगून ठेवतो. खालचं समदं गाव त्याच्यावर पाणी पितं.”

एवढं बोलून तो देवळाकडं निघून गेला.

मी कळीकडं बघत उभा राहिलो. मी संमेलनाच्या स्मरणिकेसाठी आजोबांवर नऊ पानी लेख लिहिला होता. ‘देवीची आज्ञा आणि बयाजींची निष्ठा’ असं त्याचं शीर्षक होतं. कौलाची रीत त्यात सविस्तर दिली होती, देवीची उजवी बाजू म्हणजे समोर उभ्या राहणाऱ्याची डावी, हेसुद्धा खुलासा म्हणून टाकलं होतं. मुद्रितं तीनदा तपासली होती. त्या नऊ पानांतलं आता काय खरं उरलं होतं, मला कळेना.

मग मी खाली बसलो, देठ मातीत पुसला आणि कळी डाव्या मुठीत धरली.

“नाना! सापडलात!”

उत्तम वर येत होता. पांढरा झब्बा, कपाळाला गुलाल, हातात चहाचा पेला. मला देण्यासाठी आणलेला चहा माझ्या तोंडाकडं बघून त्यानं स्वतःच पिऊन टाकला.

“हां, मौन! तसा तुमच्यात फरक काय पडतो म्हणा. काल आपली शैलाताई म्हणत होती, रघूनाना मौनात आहेत का नाहीत हे ओळखायचं कसं?” तो मोठ्यानं हसला, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागला. “चला, दाखवतो.”

देवळासमोर त्या अकरा झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे मारलेले होते. तीन जांभळी, दोन हिरडे, एक बेहडा, बाकीच्यांची नावं मला पुस्तकात बघावी लागतात. उत्तमनं पावलं टाकून मंडप दाखवला. इथं खांब, इथं व्यासपीठ, इथं आजोबांचा पुतळा, बसलेला, हातात काठी. मी त्याच्या मागून चालत होतो आणि पायाखालची जमीन ओली लागत होती. एरवी मे महिन्यात आमच्याकडं चपलेला धूळ लागते.

“मी पाच-सहा वर्षांचा असेन,” तो म्हणाला. “आजोबा मला खांद्यावर घेऊन इथं आले होते. म्हणाले, हे सगळं आईचं, आपण नुसते राखणदार. एवढा माणूस, आणि त्याच्या नावाची गावात साधी पाटी नाही. मला लाज वाटते, नाना.” त्यानं एका जांभळीवर थाप मारली. “आता खरं सांगू? रात्रभर झोप नाही. नाही म्हणाली तर? म्हणाली तर म्हणाली. मशीन खिंडीतून परत पाठवीन. आईच्या पुढं मी कोण?”

त्याचे डोळे भरले होते. मी मूठ पाठीमागं नेली.

दहा वाजता सगळे वर आले. देऊळ लहान, आत पाच-सात माणसं मावतात. बाकीचे झाडांखाली, मुलं दगडांवर. सनईची कॅसेट, हारतुरे, ‘बयाजी कोंढाळकर स्मृती’ लिहिलेलं कापड दोन हिरड्यांच्या मधोमध ताणून बांधलेलं. ज्यांना चुन्याचे पट्टे होते त्याच हिरड्यांना ते बांधलं होतं. पायरीशी कुड्याचं दुसरं झुडूप आहे. मी तिथं थांबलो, कळी तोडली. चीक टपकायच्या आत ती उजव्या मुठीत घेतली आणि चप्पल काढून आत गेलो.

आत उत्तम होता, त्याची आई सरूकाकी होती, लक्ष्मण होता. काकी आजोबांची धाकटी सून. त्या पिढीतली तेवढीच उरलेली. तिला खुर्ची दिली होती, पण देवीसमोर खुर्चीत बसायचं नाही म्हणून ती दाराशी उंबऱ्यावर बसली होती.

“लाव बाबा रघू,” ती म्हणाली. “सासऱ्याची आठवण काढून लाव.”

डाव्या मुठीत डावी, उजव्या मुठीत उजवी. मी दोन्ही हात एकदम पुढं केले, दोन्ही कळ्या शिळेला टेकवल्या, क्षणभर दाबल्या आणि मागं सरलो.

लक्ष्मणनं गाऱ्हाण्याला सुरुवात केली. “आई वाघजाई, तुझी लेकरं तुझ्या दारी आली. बयाजीच्या नावानं तुझ्या अंगणात मांडव घालायचं म्हणत्यात. तुझं अंगण, तुझी झाडं. तुझ्या मनात असंल तसं सांग…”

तो मध्येच अडखळला. मला वाटलं खोकला आला असेल. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग मी देवीकडं बघितलं.

सुकलेली कळी माझ्या डाव्या हाताला होती. म्हणजे देवीच्या उजव्या खांद्यावर.

आपल्याला चूक कळते आणि हात पुढं करायचीही सोय नसते, असे काही क्षण असतात. लावलेल्या कळीला कुणी शिवत नाही. बाहेरची सनई कुणीतरी बंद केली होती. ती कळी अगदी हळू कलली. थोडी थांबली. मला वाटलं, थांबेल. मग ती शेंदरावरून घसरली आणि खाली पडली.

“उजवी!” उत्तम ओरडला. “आईनं कौल दिला! उजवी दिली!”

बाहेर एकच गलका झाला. ‘वाघजाईच्या नावानं चांगभलं’, ढोल, शिट्ट्या. उत्तमनं देवीला लोटांगण घातलं, उठून मला मिठी मारली. “नाना, तुमच्या हातानं! तुमच्या हातानं दिला!” त्याच्या पाठीमागं कुणीतरी मोबाइल काढून खिंडीतल्या माणसाला सांगत होतं, “घ्या वर. हळू आणा, वळणावर मुलं आहेत.”

माझं मौन सुटलं होतं. मी म्हणालो, “उत्तम, थांब.”

त्याला ऐकू गेलं नाही. मला स्वतःलाही नीट ऐकू गेलं नाही. मी त्याची बाही धरली. “थांब. मला बोलायचंय.”

“काय? बोलायचंय?” त्यानं आनंदानं माझा हात धरून मला बाहेर ओढलं. “अहो, ऐका! नाना दोन शब्द बोलणार आहेत!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी “ऐतिहासिक क्षण!” म्हणालं आणि हशा पिकला. माझ्या हातात माईक आला. दूर खिंडीच्या बाजूनं इंजिनाची घरघर सुरू झालेली ऐकू येत होती.

“हा कौल खरा नाही,” मी म्हणालो.

माझाच आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. टाळ्या थांबल्या.

“म्हणजे?” उत्तम अजून हसतच होता.

“मी एक कळी सकाळीच तोडून चीक पुसून ठेवली होती. ती लवकर पडावी म्हणून. देवीच्या डाव्या खांद्याला लावायची होती. ‘नाही’ यावं म्हणून. लावताना बाजू चुकली.”

कुणालाच काही कळलं नाही. मग पुढं उभ्या असलेल्या एकाला कळलं आणि तो फसकन हसला. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

“तुम्ही आईला फसवायला गेलात?” उत्तम म्हणाला.

“हो.”

“आणि तेही तुम्हाला जमलं नाही?”

“नाही.”

आता कुणी हसलं नाही. उत्तमचा चेहरा लाल झाला होता. “ही अक्कल कुणी शिकवली तुम्हाला?”

लक्ष्मण दारात येऊन उभा होता. तो जमिनीकडं बघत होता. इथं मला थांबता आलं असतं. सगळा दोष माझ्या एकट्याच्या नावावर राहिला असता आणि तो मला पेलवलाही असता. पण इंजिनाचा आवाज आता शाळेच्या खालच्या वळणावर आला होता, आणि लोक मान वळवून तिकडं बघू लागले होते.

“आजोबा असंच करायचे,” मी म्हणालो. “सातही वेळा.”

सरूकाकी उंबऱ्यावरून उठली. तिला उठायला वेळ लागतो.

“माझा सासरा लबाड व्हता म्हणतोस?”

“काकी…”

“देवीच्या दारात उभा राहून म्हणतोस? वाचनालयातली पुस्तकं वाचून कुणी शहाणा होत न्हाई, रघू! ज्यांच्या नावानं चार माणसं जमली त्यांनाच…” तिचा आवाज फाटला. ती लक्ष्मणकडं वळली. “तू सांग. तू व्हतास. खोटं हाय म्हणून सांग.”

लक्ष्मणनं उपरण्यानं तोंड पुसलं. “वहिनी, खरं हाय.”

“आन् इतकी वर्सं गप बसलास?”

“बयाजीबाबांनी शपथ घातली व्हती. आज मोडली. मोडायला नको व्हती का, ते तुम्ही सांगा.”

काकी हळूहळू परत उंबऱ्यावर बसली. ती जे बोलली ते कुणाला उद्देशून नव्हतं. “तरीच. कौल लावून आले की दोन-दोन दिवस जेवायचे न्हाईत. ताट तसंच परत यायचं. आम्ही म्हणायचो, उपास धरलाय.”

जेसीबी वर आला. पिवळं धूड झाडांच्या मधून दिसलं. चालवणारा बाहेर डोकं काढून वाट बघत होता.

आमचा एक भाचा पुढं झाला. “मामा, त्यात काय एवढं? दुसऱ्या कळ्या आणा. उत्तममामांनी लावाव्यात. सगळ्यांसमोर, ताज्या-ताज्या.”

“हां, हे बरोबर,” दोन-तीन जण म्हणाले.

उत्तमनं मान हलवली. “कशा लावू? आता मी लावल्या तरी सगळे माझ्या बोटांकडंच बघणार. आईकडं कोण बघणार?” तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतका जवळ, की माईकमध्ये त्याचाही आवाज जात होता. “म्हणजे आई कधी नाही म्हणालीच नाही?”

“नाही म्हणाले ते आजोबा. तिच्या तोंडून.”

“आणि आता कोण नाही म्हणतंय?”

समोर पावणेदोनशे कोंढाळकर. त्यांतल्या निम्म्यांची नावं मला फक्त वंशावळीतून माहीत होती. पुढच्या वाक्यासाठी मला कुठलाच आधार सापडेना, ना देवीचा, ना आजोबांचा, ना कुठल्या पुस्तकाचा.

“मी म्हणतोय,” मी म्हणालो. “ही झाडं पाडू नका.”

उत्तम लोकांकडं वळला. “आणखी कोणी?”

कुणी हललं नाही. एक बाळ रडत होतं, त्याच्या आईनं त्याला पदराखाली घेतलं. उत्तम वाट बघत राहिला. मग तो मशीनकडं चालत गेला. चालवणाऱ्याशी काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण इंजिनाचा आवाज बदलला आणि ते पिवळं धूड उलटं, तिरकं होत, गावाच्या रस्त्याला लागलं.

जेवणं झाली. पुरणपोळीचा बेत होता. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी रिकाम्या राहिल्या. वाढणारी मुलगी माझ्यापाशी आली की पत्रावळीतल्या पोळीकडं बघून पुढं सरकायची. स्मरणिकेचे गठ्ठे न सोडताच गाडीत परत चढवलेले मी पाहिले.

ह्याला आता अठरा वर्षं झाली. चुन्याचे पट्टे दोन पावसाळ्यांत धुऊन गेले. पुन्हा संमेलन झालं नाही. काकी दुसऱ्या वर्षी गेली. तिच्या दहाव्याला मी गेलो तेव्हा कुणी मला या म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. पण मी हे लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. त्या दिवशी संध्याकाळी उत्तम निघाला तेव्हाचं मला सांगायचं आहे.

तो गाडीत बसला होता. मी खिडकीपाशी गेलो. त्यानं काच खाली केली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

“अकरा बैठका, नाना,” तो म्हणाला. “तुम्ही माझ्या समोरच्याच खुर्चीत बसून लिहीत होता. एकदा मान वर करून ‘उत्तम, नको’ एवढं म्हणाला असतात.”

“तू ऐकलं असतंस?”

“ते आता कसं कळणार? तुम्हाला नाही, मलाही नाही.”

मी खिडकीची कड धरून उभा होतो. “मला वाटलं, देवी सांगेल.”

तेव्हा तो माझ्याकडं वळला. रागाचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखा तो बघत होता.

“देवी बोलत नाही, नाना. ती देवी आहे. तुम्हाला काय झालं होतं?”

मी उत्तर जुळवत होतो. शब्द जवळजवळ जमले होते, तोवर गाडी पहिल्या वळणाला लागली होती.